लेकीच्या मापाची गिटार

आमचे शेजारी सदाशिवभाऊ पेपर मिलमधून सुतार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या हातचा पाट किंवा देव्हारा नाही असं घर हिंदी मुलखातल्या आमच्या लालबागेत शोधावं लागेल. पण गिटार? "भाऊ, गिटार खातात की पितात ते तरी ठाऊक आहे का?" असं मीच त्यांना चिडवलं होतं.

त्यांना एवढंच ठाऊक होतं, की लेक रोहिणी कॉलेजात असताना गिटार वाजवायची आणि घर भरल्यासारखं वाटायचं. एकदा त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, ती गिटार मांडीवर घेतली तर भाऊ हसले होते, "आता या वयात?" पुढे लेकीच्या लग्नाच्या धांदलीत ती गिटार कुणाच्या तरी पायाखाली येऊन मोडली. पाठोपाठ कौशल्याबाई गेल्या. आता लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुण्याहून माहेरी यायची ती एका रात्रीपुरती. हातात गिटार असली तर चार दिवस राहील, हे म्हाताऱ्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

मिलमध्ये यंत्रं ज्या पेट्यांतून यायची, त्यांच्या पाइनच्या फळ्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. त्या रंधा मारून मारून पापडासारख्या पातळ केल्या. सागाच्या पट्ट्या भिजवून तापलेल्या पाइपवर वाकवल्या, कितीतरी मोडल्या. पण लेकीच्या बोटांना दांडी किती रुंद हवी, इथे गाडं अडलं. लेकीला विचारलं तर गंमत गेली! मग त्यांना भिंत आठवली. इकडे सून घरात येताना आणि लेक सासरी निघताना दाराशेजारी कुंकवाच्या हातांचे ठसे उमटवतात. भाऊंनी रंगाऱ्याला ते कधी झाकू दिले नव्हते. अंगणात उभं राहून त्यांनी उजवीकडच्या ठशावर पुठ्ठा धरला आणि माप घेतलं.

आखाजीला रोहिणी आली. गिटार बघून रडायलाच लागली. वाजवायला घेतली, तर बोटं एकमेकांवर चढू लागली.

"क्या हुआ, बेटा?"

"दांडी अरुंद आहे, बाबा. माप कुठून घेतलं तुम्ही?"

भाऊंनी भिंत दाखवली. रोहिणीने ठशावर हात ठेवला. तिची बोटं ठशाबाहेर आली.

"हा तर आईचा हात आहे, बाबा. मेरा उस तरफ आहे."

घरातून निघताना लेकीचा ठसा उजवीकडे यायचा, आणि भाऊंच्या ध्यानात तेवढंच राहिलं होतं. अंगणातून बघितलं की उजवीकडे कौशल्याबाई. भाऊ मटकन ओट्यावर बसले. "सगळी मेहनत बेकार गेली," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी रोहिणीची गाडी होती. निघताना तिने कुंकू कालवलं आणि भाऊंच्या कामाच्या बाकावर डावा हात दाबला.

"आता या मापाची बनवा. घ्यायला येईन, आणि राहीन पण."

रिक्षा वळणाआड गेली तरी भाऊ तिकडेच बघत होते. मग त्यांनी ती अरुंद गिटार उचलली, एक तार छेडली आणि दाराशेजारच्या कौशल्याबाईंच्या ठशापाशी ती टेकवून ठेवली.

"घे गं," ते म्हणाले, "तुझ्या मापाची आहे."