मागणी ते ताट, बावीस मिनिटं

तीन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला, सकाळी दहाच्या सुमारास, तळेगावातल्या आमच्या घरी, माझी बायको, तिची धाकटी बहीण, सासूबाई आणि मी अशा चौघांच्या समक्ष माझ्या साडूंनी मोबाइलवरून अठरा हजार पाचशे रुपये भरले. पाडव्याच्या दिवशी एवढी रक्कम गेली म्हटल्यावर सासूबाईंनी साहजिकच विचारलं, "जावईबापू, सोनं घेतलंत वाटतं?" साडू म्हणाले, "नाही आई, ॲडमिशन घेतली." त्या वेळी ते त्रेपन्न वर्षांचे होते. मी आजवर शिकायला कंटाळणारी माणसं पाहिली आहेत, शिकवायला कंटाळणारी तर फारच पाहिली आहेत. पण शिकवावं कसं हे शिकण्यासाठी जीव टाकणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोच्या बहिणीचा नवरा आहे.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पदव्युत्तर, सगळा ऑनलाइन. कारखान्यातल्या किंवा कचेरीतल्या माणसाला त्याचं काम शिकवायचं असेल तर ते शिकवणं कसं आखायचं, एवढाच विषय. साडू परंदवडीजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. गाड्यांचे छोटे भाग तिथे दाबयंत्रावर तयार होतात. साडूंच्या दोन्ही हातांना मिळून साडेनऊ बोटं आहेत. डाव्या करंगळीचं वरचं पेर नाही. ते कसं गेलं हे आमच्याकडे कुणी विचारत नसे. आम्हाला फक्त एवढं ठाऊक होतं, की बोटांवर पायऱ्या मोजत समजावून सांगायची त्यांना सवय आहे आणि त्यांची दहावी पायरी नेहमी अर्धी असते.

त्यांच्या सोसायटीत नेटवर्क नीट येतं ते फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. त्यामुळे दर शनिवारी दुपारी चार वाजता साडू एक स्टूल, एक छत्री आणि मोबाइल घेऊन वर्गाला गच्चीवर जात. हे लक्षात आल्यावर मेव्हणीने वाळवणं शनिवारीच घालायला सुरुवात केली. राखणीचा प्रश्न मिटला. एकदा त्यांच्या मॅडम पडद्यावरून विचारत होत्या, "शिकणाऱ्याने चूक केली तर आपण पहिल्यांदा काय म्हणतो?" नेमक्या त्या क्षणी साबुदाण्याच्या पापडांवर कावळा उतरला आणि साडू सगळ्या वर्गाच्या देखत ओरडले, "हाट्! चल निघ इथून!" मॅडम म्हणाल्या, "बहुतेक कारखान्यांत हेच म्हणतात. आपल्याला ते बदलायचं आहे."

अभ्यासक्रमाचा पहिला धडा असा, की काहीही शिकवण्याआधी ठरवायचं, शेवटी शिकणाऱ्याला काय करता आलं पाहिजे. साडूंनी हा धडा इतका मनावर घेतला की आमच्या घरच्या सत्यनारायणाला त्यांनी गुरुजींनाच विचारलं, "या कथेच्या शेवटी ऐकणाऱ्याला नेमकं काय करता आलं पाहिजे?" गुरुजी म्हणाले, "प्रसाद घेता आला पाहिजे." हे उत्तर साडूंना इतकं पटलं की त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या सहामाहीत त्यांना अभिप्रायाचे फॉर्म शिकवले. त्या दिवाळीत त्यांच्या घरी फराळासोबत प्रत्येकाच्या हातात एक कागद आला: चकली, शेव, अनारसे, एक ते पाच गुण, नाव लिहिण्याची गरज नाही. माझ्या बायकोने बहिणीच्या चकलीला तीन दिले. नाव नव्हतं, पण अक्षर होतं. दोघी बहिणी अकरा दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. अकरा हा आकडा अंदाजाचा नाही, मी कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या.

पण सासूबाईंचा प्रसंग या सगळ्यांत मोठा. त्यांना व्हिडिओ कॉल शिकवण्यासाठी साडूंनी नऊ पायऱ्यांचा पाठ तयार केला, चित्रं काढली, चष्म्याविना वाचता येईल इतकी अक्षरं मोठी केली. तिसऱ्या पायरीवर सासूबाईंनी शांतपणे त्यांच्या हातातून फोन घेतला, लोणावळ्याच्या आपल्या बहिणीला लावला आणि तिला म्हणाल्या, "अगं, जावई मला फोन शिकवतायत. बघ, दिसतायत का तुला?" साडू थक्क. "आई, तुम्हाला येत होतं?" त्या म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. तुम्ही विचारलंच नाहीत." हसून हसून आमची पुरेवाट झाली. साडूही हसले. पण या वाक्याचा खरा अर्थ ना त्यांच्या लक्षात आला, ना माझ्या.

शेवटच्या सहामाहीत प्रकल्प होता. खऱ्या कामाच्या जागी जायचं, कुठे अडतंय ते शोधायचं, त्यावर प्रशिक्षण आखायचं, द्यायचं आणि फरक मोजून दाखवायचा. साडूंच्या दृष्टीने सगळं या प्रकल्पावर होतं. कारखान्यात नव्या कामगारांना पहिला आठवडा काम शिकवणारे गृहस्थ एप्रिलमध्ये निवृत्त होणार होते. पदवी हातात असेल तर ती जागा साडूंना, नाहीतर बाहेरून माणूस आणणार, असं वरिष्ठांनी स्पष्ट सांगितलं होतं. प्रकल्पासाठी यंत्र थांबवायला मात्र त्यांनी नकार दिला. मागणीचे दिवस होते. म्हणून साडूंनी कामाची दुसरी जागा शोधली: लोहगडवाडीत गडाच्या पायथ्याशी एका मावशींचा झुणका-भाकरीचा स्टॉल. मोजणीसाठी त्यांनी मला सोबत घेतलं. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटरच्या नोंदी तपासतो. दिसला तो आकडा लिहायचा, ही माझी अठ्ठावीस वर्षांची सवय.

पाच रविवार आम्ही साडूंच्या स्कूटरवरून मळवलीमार्गे वर गेलो. मला काम नेमकं सांगितलं होतं: गिऱ्हाइकाने मागणी केल्यापासून ताट समोर येईपर्यंत किती वेळ लागतो ते लिहायचं. सरासरी बावीस मिनिटं निघाली. पोरंपोरी सारखी ओरडत, "मावशी, किती वेळ?" हा प्रश्न मी एका रविवारी एकोणीस वेळा मोजला. साडूंनी गिऱ्हाइकांकडून फॉर्म भरून घेतले आणि निदान केलं: मावशींची सून नवी आहे, उन्हाळ्यात लग्न झालंय, तिचा भाकरीवर हात बसलेला नाही.

या पाच रविवारांत एक गोष्ट मला खटकत होती. मावशी साडूंकडून जेवणाचे पैसे घेत नसत. मी मात्र पाकीट काढलं की विचारत, "तुमी शिकताय का?" मी म्हणे, "नाही, मी नुसतं मोजतोय." "मग एकशेवीस." साडूंची समजूत अशी, की आपण शिकवायला आलोय म्हणून हा मान मिळतोय.

सहाव्या रविवारी प्रशिक्षण झालं. दहा पायऱ्यांचा रंगीत तक्ता, लॅमिनेट केलेला. प्रती चाळीस, कारण चाळीस काढल्या तर दर कमी पडतो, हे मीच त्यांना सांगितलं होतं. सून चुलीपुढे बसलेली, साडू तिच्यासमोर पाटावर. "पहिली पायरी, पिठात पाणी. दुसरी पायरी, मळणं." सून मान डोलवत ऐकत होती. साडू चौथ्या पायरीवर आले तेव्हा तिची पहिली भाकरी फुगून तव्यावरून उतरली होती. सवयीने मी घड्याळ पाहिलं. साडेतीन मिनिटं. मावशींनी लगेच एक थापली. साडेतीन मिनिटं.

सून पदराआड हसत म्हणाली, "मास्तर, मला भाकरी येत न्हाई असं वाटलं व्हय तुमाला?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडून दाखवली. ताटात दोन भाकरी, म्हणजे सात मिनिटं. मग उरलेली पंधरा कुठे जातात? मला मागणी ते ताट मोजायला सांगितलं होतं, मी तेवढंच मोजलं होतं. मधलं काही मोजलं नव्हतं. अखेर साडूंनी तो प्रश्न विचारला, जो पाच रविवार, तेहेतीस फॉर्म आणि चाळीस तक्ते यांत कुठेच नव्हता. "मावशी, तुम्ही भाकरीला एवढा वेळ का लावता?"

"मुद्दाम लावते," मावशी म्हणाल्या. "गडावरनं उतरलेलं माणूस घामानं निथळत येतं. आल्या आल्या गरम गरम गिळलं की पोटात कळ येती, परत घाटात वकतं. म्हनून आदी बसवायचं, पानी द्यायचं, ताक द्यायचं, कुटनं आला, घरी कोन कोन हाय इचारायचं. घाम जिरला की मग तवा ठिवायचा. पंधरा मिंटं तरी लागत्यात. माज्या सासूनं शिकवलंय मला."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी कुटं इचारलं? तुमी घड्याळ घिऊन बसलाता."

पंधरा आणि सात, बावीस. हिशेब जुळला होता. साडूंचा प्रकल्प मात्र उभाच्या उभा आडवा झाला होता. अहवाल द्यायला तीन आठवडे उरले होते.

त्या संध्याकाळी मेव्हणीने चहा ठेवला आणि माझ्यासमोर बसली. "भाऊजी, वही तुमचीच आहे ना? सुनेच्या भाकरीला आधी आठ मिनिटं लागायची, शिकवल्यावर साडेतीन लागली, असं लिहिलंत तर कुणाचं काय जाणार आहे? लोहगडवाडीत कोण येतंय तपासायला?" तिचं चुकत नव्हतं. ती जागा गेली तर घरातला एक माणूस आतून मिटून जाणार, हे तिला दिसत होतं. मी कपाकडे बघत बसलो.

तेवढ्यात साडूंनी डावा हात टेबलावर ठेवला. "ही करंगळी," ते म्हणाले, "नोकरीच्या दुसऱ्या दिवशी गेली. ज्याने मला यंत्रावर बसवलं तो म्हणाला होता, बघ आणि शिक. मी पाऊण तास बघितलं. तो वाईट नव्हता. त्यालाही कुणी असंच शिकवलं होतं. पण मला यंत्रातलं काय कळतं हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आज मी तेच केलं. आता खोटी आठ मिनिटं लिहून मी कारखान्यातल्या नव्या पोरांना काय शिकवणार?" मेव्हणीने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

अहवाल त्यांनी खरा लिहिला. मी आकडे दोनदा तपासले. शिफारस एका ओळीची होती: या ठिकाणी प्रशिक्षणाची गरज नाही, गिऱ्हाइकाला कारण सांगण्याची गरज आहे. त्यासाठी एक पाटी करायचं ठरलं. साडूंनी मजकूर लिहिला, सहा ओळींचा, त्यात 'पचनसंस्था' असा शब्द होता. सोमाटण्याच्या पेंटरचाचांनी तो वाचला, ब्रश कानावर ठेवला आणि विचारलं, "ही म्हातारी असं बोलते का?" साडू म्हणाले, नाही. "मग ती बोलते ते सांगा. लोक तिच्याकडे जेवायला येतात, तुमच्याकडे नाही." पाटीवर शेवटी एवढंच आलं: 'गड उतरून आलात? आधी घाम जिरवा. ताक घ्या. पंधरा मिनिटांनी भाकरी.'

पाटी लागल्यावर आम्ही आणखी दोन रविवार मोजलं. बावीस मिनिटं बावीसच राहिली. 'मावशी, किती वेळ?' मात्र एकोणीसवरून चारवर आलं. त्यातही दोनदा विचारणारा एकच होता आणि त्याने पाटी वाचली नव्हती. चाळीस तक्त्यांपैकी एक सून चुलीला वारा घालायला वापरते. लॅमिनेट केलेला असल्यामुळे टिकेल, असं तिचं मत आहे.

मॅडमचं उत्तर येईपर्यंत सतरा दिवस साडूंनी कुणालाही काहीही शिकवलं नाही. घर सुनं सुनं वाटायचं. मग उत्तर आलं: "प्रशिक्षण न देण्याची शिफारस करणारा प्रकल्प माझ्याकडे प्रथमच आला. उत्तीर्ण. मात्र हा प्रश्न पहिल्याच रविवारी विचारायला हवा होता, त्याचे गुण कापले आहेत." साडूंनी कापलेल्या गुणांचीही तारीफ केली. "बरोबर कापलेत," म्हणाले.

आता ते कारखान्याच्या प्रशिक्षणाच्या खोलीत बसतात. नवी पोरं येतात तेव्हा यंत्राच्या पायऱ्यांचा तक्ता आधी भिंतीवरच राहतो. साडू आधी त्यांना बसवतात, पाणी देतात, कुठून आलात विचारतात, काय काय येतं ते विचारतात. पंधरा मिनिटं जातात. वरिष्ठांनी एकदा विचारलं, एवढा वेळ का लागतो? साडू म्हणाले, "मुद्दाम लावतो." शनिवारी गच्चीवर आता नुसते पापड असतात. रविवारी साडूंना झोप हवी असते, आणि मलाही घाटात जायचं काही कारण उरलेलं नाही.

निकालानंतर आम्ही एकदाच वर गेलो. मावशींनी बसवलं, ताक दिलं, घरचं सगळं विचारलं, मग तवा ठेवला. मी घड्याळ काढलं नाही. जेवण झालं. साडू नेहमीच्या सवयीने हात जोडून उठले, तशा मावशी म्हणाल्या, "मास्तर, शिकून झालं न्हवं?"

"हो मावशी. झालं."

"मग काडा पैसं. शिकनाऱ्याकडनं घेत नव्हते."

साडूंनी साडेचार बोटांचा हात खिशात घातला आणि मला पाकीट काढू दिलं नाही. दोघांचे मिळून दोनशे चाळीस रुपये, मावशींना, रोख.