कॅप्टनचं 'हो, नक्कीच'

आमच्या शेजारच्या गृहस्थांना सगळी इमारत कॅप्टन म्हणते. नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, सैन्यातले असतील, नाहीतर जहाजावरचे. ताठ पाठ, कडक इस्त्रीचा शर्ट, लिफ्टचं दार धरून बायकांना आधी आत सोडायची तऱ्हा, हे सगळं बघून तसं वाटणारच. कॅप्टन स्वतः तो गैरसमज दूर करत नाहीत. ते काम माझ्याकडे असतं आणि मी ते आवडीने करते. मोठ्या हॉटेलात वेटर लोकांवर जो लक्ष ठेवतो त्याला कॅप्टन म्हणतात. आमचे कॅप्टन ते. सबंध नोकरी एकाच हॉटेलच्या डायनिंग हॉलमध्ये झाली, आणि त्या हॉलमध्ये परदेशी पाहुण्यांची सतत ये-जा.

निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात, नाहीतर बायकोचं डोकं खातात. कॅप्टनना बायको नाही, बाग लावायला गॅलरीत जागा नाही. त्यांनी पुढच्या खोलीत क्लास काढला. परदेशी नोकरीला किंवा शिकायला जाणाऱ्यांना तिकडची रीतभात शिकवायची. खुर्च्या मांडल्या, एक टेबल टाकलं, दारावर पाटी लावली. आमची नि त्यांची भिंत एक, त्यामुळे मी तो क्लास फुकटात पुरा केला आहे. सर्टिफिकेट तेवढं मिळालं नाही.

"नजर वर. समोरच्याच्या डोळ्यात बघा. बुटाकडे काय बघताय, बूट काय नोकरी देणार आहेत?" हे रोजचं. पहिल्या भेटीत वय विचारायचं नाही, पगार विचारायचा नाही, लग्न का केलं नाही हे तर अजिबात नाही. ते ऐकून मला प्रश्न पडला, मग माणसं बोलतात तरी काय. मी कॅप्टनना जिन्यात गाठून तसं म्हटलंही.

"हवेबद्दल बोलतात, वहिनी."

"आणि हवा बोलून संपली की?"

"मग निरोप घेतात."

मी आणखी टोचलं. "बरं, तुम्ही स्वतः कधी गेला होतात का हो तिकडे?"

कॅप्टन जागच्या जागी थांबले. "मला कशाला जायला हवं? परदेश माझ्या टेबलावर येऊन जेवून गेलाय."

मी पिशवी उचलली आणि जिना चढले.

क्लासचा मुख्य धडा मात्र एकच होता. पाहुण्यापुढे 'नाही' म्हणायचं नाही, आणि 'कळलं नाही', 'माहीत नाही' हे तर मुळीच नाही. हसायचं, किंचित वाकायचं आणि तिकडच्या भाषेत म्हणायचं, 'हो, नक्कीच.' मग मागे किचनमध्ये जाऊन विचारायचं, की बाबांनो, हे जे काय मागवलंय ते आहे तरी काय. सगळे मिळून ते 'हो, नक्कीच' म्हणायला लागले की आमच्या भिंतीवरचं घड्याळ हलायचं. हॉटेलात हे बरोबरच असणार. त्यावर कॅप्टनची सगळी नोकरी झाली, पाहुणे खूश झाले, साहेब लोकांनी पाठ थोपटली. पण क्लासला हॉटेलात जाणारे कितीसे होते? निम्म्याहून जास्त मुली नर्सिंगवाल्या. तिकडच्या वृद्धाश्रमांत म्हाताऱ्यांची देखभाल करायला निघालेल्या.

त्यातली एक कॅप्टनची भाची. बहीण गेल्यावर तिची ही एवढीशी पोर त्यांनी आणली आणि वाढवली. वेण्या घालायला माझ्याकडे पाठवायचे, बाकी सगळं स्वतः. तिला इमारतीतले सगळे भाचीच म्हणत, जणू सगळ्यांचीच ती भाची. स्वभावाने गरीब, मामांच्या शब्दाबाहेर नाही. आमचे हे म्हणायचे, "ती पोरगी शेजारी राहते की नाही, हे तिच्या चपला बघून कळतं." त्यावर मी त्यांना सांगायची की मी शेजारी राहते हे तिसऱ्या इमारतीत कळतं, तेव्हा हिशोब सारखा.

भाची नर्सिंग शिकली, मामांच्या क्लासात पहिली आली आणि गेली. वर्षभर सगळं बरं चाललं. मग एक दिवस भिंतीपलीकडून क्लासचा आवाज मधेच थांबला. मुलं जिना उतरून गेली. मी दार ढकललं तर कॅप्टन खुर्चीवर बसलेले, आणि फोन मांडीवर. त्यात भाचीचा आवाज चालू होता, पण ते ऐकत होते की नाही, कोण जाणे.

झालं ते असं. ती नुकतीच वृद्धाश्रमाच्या दुसऱ्या मजल्यावर लागली होती. तिथे एक आजोबा होते. त्यांना गिळायला त्रास. पाणी, चहा, सूप, काहीही द्यायचं तर पावडर घालून घट्ट करून द्यायचं, पातळ दिलं तर ते छातीत उतरणार. पाळी बदलताना तिथल्या मुख्य नर्सने हे भाचीला सांगितलं. चालता चालता, भराभरा, त्यांच्या बोलीत. भाचीला अर्धं कळलं. तिने मान हलवली, हसली आणि म्हणाली, हो, नक्कीच. दुपारी आजोबांनी पाणी मागितलं. तिने ग्लास भरून दिला. वर उशी नीट केली, तोंड पुसलं. आजोबा त्या आठवड्यातच गेले.

"विचारायचं ना बाळ कुणाला तरी, मागाहून," कॅप्टन फोनमध्ये म्हणाले.

भाची पलीकडून म्हणाली, "कुणाला? तिथे मागे किचन नव्हतं, मामा."

हे तिने रागाने म्हटलं नाही, रागावणं त्या पोरीला जमतच नाही. पण कॅप्टनच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी उगाच खुर्च्या सरळ करत बसले.

तिकडे चौकशी मंडळ बसलं. भाचीला काम करायचा जो परवाना होता तो राहणार की जाणार, हे ते ठरवणार होतं. कामगार संघटनेच्या एक बाई तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की हिला शिकवणंच चुकीचं मिळालं असं ठरलं तर मंडळ पुन्हा शिकायला पाठवेल आणि परवाना वाचेल. शिकवणं बरोबर होतं आणि हिनेच पाळलं नाही असं ठरलं, तर परवाना गेला. तिथलाही आणि इथलाही, कारण नाव एकदा काळ्या यादीत गेलं की कुठलंच हॉस्पिटल उभं करत नाही. म्हणजे कॅप्टननी मंडळासमोर येऊन म्हणायचं होतं, की चूक माझी. मी शिकवलं ते चूक.

आता हे म्हटलं की क्लास बुडाला. माझी अटकळ होती, कॅप्टन आढेवेढे घेतील. माणूस स्वतःच्या ताठ पाठीवर जगलेला. पण त्यांनी एका शब्दाने कां-कूं केलं नाही. "वहिनी, पोरीपुढे क्लास काय चीज आहे," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पाटी काढून पलंगाखाली सरकवली.

मग त्यांची तयारी सुरू झाली. दोन वाक्यं, तिकडच्या भाषेत. न कळल्यावरही हो म्हणायला मी शिकवलं. दोष माझा आहे, तिचा नाही. गॅलरीत येरझारा घालत घोकायचे. मंडळाने विचारलं होतं, दुभाषी हवा का. कॅप्टनना तो अपमान वाटला. "उभा जन्म यांच्या ऑर्डरी घेतल्या, आणि आता मला दुभाषी?"

"घ्या की," मी म्हटलं. "फुकट मिळतोय."

"वहिनी, तुम्ही फुकट मिळालं तर काहीही घ्याल."

तो दिवस आला. कॅप्टननी हॉटेलचा काळा कोट घातला, टाय बांधला. लॅपटॉप दोन डब्यांवर उंच ठेवला. सोबतीला मला बोलावलं, पण अट घातली. "बाजूला बसा. पडद्यावर दिसू नका. आणि बोलू तर मुळीच नका." पहिली अट मी माझ्या आकारामानाने जमेल तशी पाळली. दुसरी मात्र पुरी पाळली.

पडद्यावर मंडळाची तीन माणसं. मधे पांढऱ्या केसांच्या एक बाई, त्या अध्यक्ष. कोपऱ्यातल्या चौकोनात भाची आणि तिच्याशेजारी संघटनेच्या बाई. भाची वाळली होती. मामा दिसले तशी ती खुर्चीत जरा सावरून बसली, घरात मोठं माणूस आल्यावर बसतात तशी.

अध्यक्षबाईंनी प्रश्न विचारला. लांबलचक, हळू आवाजात, ओठ न हलवता बोलल्यासारखा. मला ओ की ठो कळलं नाही, पण मला कळणं अपेक्षितच नव्हतं. कॅप्टन हसले. किंचित वाकले.

"हो, नक्कीच."

बाईंनी चष्मा सारखा केला आणि तेच दुसऱ्या शब्दांत विचारलं असावं.

"हो. नक्कीच," कॅप्टन म्हणाले, या खेपेला जरा गंभीर होऊन.

संघटनेच्या बाईंनी चटकन भाचीकडे वाकून काहीतरी विचारलं. भाचीने एकदा पडद्याकडे, म्हणजे मामांकडे बघितलं. मग मान खाली घालून एक शब्द बोलली. त्या बाई मागे सरकल्या. अध्यक्षबाईंनी आभार मानले. कॅप्टननी त्यांचे मानले. पडदा काळा झाला.

कॅप्टननी टाय सैल केला. कॉलर घामाने भिजली होती. "सुटलो," म्हणाले. "त्यांनी माझंच वाक्य माझ्यापुढे ठेवलं, वहिनी. तुम्ही असं असं शिकवलंत ना, म्हणून. मी दोन्ही वेळा कबूल केलं. घोकलेलं म्हणायची वेळच आली नाही."

मी चहा टाकला. त्यांनी दोन कप घेतले.

निकाल आला. परवाना रद्द.

कॅप्टन आधी हबकले आणि मग जे पेटले ते अजून विझलेले नाहीत. "माणसं नाहीत ती. मी तोंडाने कबूल केलं, तरी पोरीचाच बळी घेतला." दूधवाल्याला सांगितलं, वॉचमनला सांगितलं, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्याला वर येईपर्यंत सांगितलं.

भाची परत आली. जाताना नेलेली मोठी बॅग घेऊन आली आणि पुढे किती दिवस ती तशीच बांधलेली कोपऱ्यात होती. इथल्या हॉस्पिटलांत विचारून झालं. निकाल सगळीकडे आधीच पोचलेला.

एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना ती मला एकटी सापडली. मला राहवतंय थोडंच.

"काय ग, त्या बाईंनी मामांना नक्की काय विचारलं होतं?"

तिने चादर झटकली, दोरीवर टाकली, कड जुळवली. मग म्हणाली, "सूचना कळली नाही तर तसं सांगा, असं तुम्ही मुलांना शिकवत होता का."

मी हातातली बादली खाली ठेवली. "आणि मामा म्हणाले, हो नक्कीच."

"दोनदा."

"तुला तेव्हाच कळलं होतं? मामांना कळलेलं नाही ते?"

"काकू, मी त्यांचं ते हसणं लहानपणापासून बघतेय. इलेक्ट्रिकवाला काही समजावून सांगतो तेव्हा असेच हसतात."

"आणि संघटनेच्या बाई तुझ्या कानात बोलल्या त्या?"

"त्यांनी हेच विचारलं. तुझ्या मामांना प्रश्न कळलाय ना." ती चिमटे लावत होती. "मी हो म्हटलं."

मी तिचा हात धरला. "अग, एक शब्द बोलायचास. तुझ्या जन्माचा प्रश्न होता."

"कोट घालून बसले होते," ती म्हणाली. "तीन परकी माणसं समोर. त्यांच्यादेखत कसं म्हणू, यांना तुमची भाषा येत नाही म्हणून? त्याच्यावर तर ते जगलेत." पुढची चादर झटकत पुन्हा म्हणाली, "तोंडात आलं होतं. पण नाही निघालं." आणि मग मला शपथ घातली, की मामांना हे कधी कळता कामा नये.

माझ्या पोटात काही राहत नाही ही माझी ख्याती. आमचे हे तर मला इमारतीचा भोंगा म्हणतात. पण ही गोष्ट राहिली आहे. लिहितानाही मी कुणाचं नाव घातलेलं नाही, आणि कॅप्टन चष्मा लावूनसुद्धा मेनूकार्डाखेरीज काही वाचत नाहीत.

क्लास बुडाला नाही. उलट वाढला. परदेशातलं मंडळ ज्या माणसाला व्हिडिओवर बोलावून विचारतं तो माणूस काहीतरी जाणत असणार, असा लोकांनी सरळ अर्थ लावला. पाटी पलंगाखालून निघून दारावर परत गेली. कॅप्टन आता नवीन धडा शिकवतात. कळलं नाही तर तसं सांगा, तोंड उघडा, पुन्हा पुन्हा विचारा. धडा खरंच चांगला आहे. आणि पटवायला दर तुकडीला ते स्वतःचीच हकिकत सांगतात, की मी त्यांच्या मंडळासमोर बसून माझी चूक कशी कबूल केली. भिंतीपलीकडून मला ती शब्दन् शब्द ऐकू येते. हकिकत सुरू झाली की आत स्वयंपाकघरात भाचीने नळ सोडल्याचा आवाज होतो, आणि संपेपर्यंत तो नळ चालू असतो.

भाची आता घरोघरी जाऊन आजारी माणसांचं करते. ज्या घरी कुणी कागद विचारत नाही, अशा घरी. दुपारी असली की क्लासला चहा देते. परवा मी साखर मागायला गेले होते. म्हणजे साखर घरात होती, पण ते असो. ती कप ठेवत होती आणि एक नवी मुलगी, पुढच्या महिन्यात निघालेली, तिला म्हणाली, "ताई, तुम्ही तिकडे होतात ना? कसं असतं हो तिथे?"

सगळी तुकडी तिच्याकडे बघायला लागली. कॅप्टनही कौतुकाने थांबले.

"थंडी फार असते," भाची म्हणाली. "पायमोजे जास्त न्या." आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेली.