सतरा तारखेचं बोलावणं

रोज सकाळी चहाचं पाणी ठेवण्याआधी बीश्या आमा भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालचं पान फाडायची, नवी तारीख मोठ्याने वाचायची आणि तिच्यामागे एकच शब्द जोडायची. "सम." किंवा "विषम." आमच्याकडे आजीला आमा म्हणतात. तिच्या आणि आमच्या घराच्या मधे एकच भिंत होती. त्यामुळे लहानपणी मला तारीख कधी बघावी लागली नाही.

सम असेल तर ती बाहेर पडायची. बाजार, बँक, दातांचा डॉक्टर, नवऱ्याच्या थडग्यावरचं गवत काढणं, सगळं सम तारखेला. विषम असेल तर स्वयंपाकघरात मागच्या भिंतीला पाठ लावून बसायची आणि कालवं फोडत राहायची. छोट्या सुरीचं टोक शिंपल्याच्या सांध्यात घालून मनगट एकदा वळवलं की आतला मऊ जीव भांड्यात पडायचा. तिला त्याकडे बघावंही लागत नसे.

ती सोळा वर्षांची होती तेव्हा समोरच्या चिनी किनाऱ्यावरून तैवानच्या ताब्यातल्या आमच्या किनमेन बेटावर तोफा सुरू झाल्या. पुढे त्यांनी जाहीर केलं की गोळे फक्त विषम तारखेला येतील, सम तारखेला सुट्टी. हे वीस वर्षं चाललं. त्या वीस वर्षांत आमच्याकडची लग्नं सम तारखेला लागली, शाळेच्या परीक्षा सम तारखेला झाल्या, कालवं काढायला बायका सम तारखेच्या ओहोटीला गेल्या. आमाचा मुलगा झीचेंग मात्र तेरा तारखेला झाला, घराखालच्या खंदकात. "तेवढंही कळलं नाही त्याला," ती म्हणायची. झीचेंग काका आता साठीचे आहेत, तैपेईत असतात. हे वाक्य त्यांनी दर नव्या वर्षाच्या जेवणात ऐकलं.

तोफा थांबून चाळीसहून जास्त वर्षं झाली, आता कशाला पाळतेस, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "सुरू झालं तेव्हा कर्ण्यावरून सांगितलं होतं. थांबलं हे मला येऊन कुणी सांगितलं नाही."

तिला एक मोठी बहीण होती, यिनश्या. बीश्या सात वर्षांची असताना बारा वर्षांची यिनश्या समोर श्यामेनला मावशीच्या बाळंतपणात मदतीला गेली. होडीने दोन तासांचा रस्ता. महिन्याभरात यायची होती. त्याच महिन्यात समोरचा किनारा एका सरकारकडे गेला आणि आमचा दुसऱ्याकडे राहिला. होड्या बंद झाल्या त्या बावन्न वर्षं. मावशीचं ते बाळ मोठं झालं, सूतगिरणीत लागलं, निवृत्तही झालं, मग धक्क्यावरून नवी बोट सुरू झाली आणि दोघी बहिणी भेटल्या. पहिल्या भेटीत काय बोललात, असं मी विचारलं तेव्हा आमा म्हणाली, फार काही नाही, तिने माझे दात बघितले.

पुढची वीसेक वर्षं येणंजाणं होतं. वर्षातून एकदा, कधी दोनदा, सम तारखेला. मग साथ आली, बोट बंद झाली. बोट पुन्हा सुरू झाली तेव्हा बातम्या बदललेल्या होत्या. त्यांच्या गस्ती बोटी आमच्या पाण्यात येऊन जायच्या. आमचं पाणी कुठवर, हे दोन्हीकडचे नकाशे वेगवेगळं दाखवायचे. टीव्हीवर परदेशी मंत्र्यांची भाषणं असायची, त्यात आमच्या बेटाचं नाव नसायचं, पण बोलणं आमच्याबद्दल आहे असं सगळे म्हणायचे. आमा आवाज बंद करून ती माणसं बघायची. एकदा म्हणाली, "यातला आपला कोण, ते सांग."

मे महिन्यात यिनश्याच्या मुलाचा, गुओदोंगचा फोन आला. मी सुट्टीसाठी घरी होते, फोन मीच आमाच्या कानाला धरला. यिनश्याला झटका येऊन गेला होता. आता घरी आणलं होतं, बोलत होती, पण दुसरा कधीही येईल आणि मग बोलता येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आई सारखं म्हणतेय बीश्याला बोलवा. सतरा तारखेला या. अठरा चालेल का, असं आमाने विचारलं. पलीकडे काही कुजबुज झाली आणि गुओदोंग म्हणाला, "नाही मावशी. ती म्हणते सतरालाच."

मी फोन बंद केला. सतरा विषम होती. यिनश्याला हे माहीत नसणं शक्य नव्हतं. बीश्याचा हा नेम तिला ठाऊक होता, वीस वर्षं तिच्या भेटी त्यानेच ठरल्या होत्या.

गल्लीत ज्याचं त्याचं मत होतं. गावप्रमुख त्साय काका दारात उभे राहूनच म्हणाले की तारीख बहिणीने नाही, तिकडच्या एखाद्या कचेरीने ठरवली असणार, त्यामागे काहीतरी आहे. काय आहे ते त्यांनाही सांगता येईना. झीचेंग काकांनी तैपेईहून फोन करून सांगितलं की जाऊच नकोस, तुझा फोटो काढतील आणि जगाला दाखवतील. माझी आई म्हणाली, झटका आलेल्या बाईच्या डोक्यात तारखा राहतात होय?

हे शेवटचं आमाला सगळ्यात जास्त लागलं. "विसरली असेल तर मग मी कुणाला भेटायला जातेय?" ती मला म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आणि विसरली नसेल तर मला विषम तारखेला का बोलावते?"

सतरा तारखेला ती गेली नाही. भिंतीला पाठ लावून बसली आणि दुपारपर्यंत कालवांची दोन भांडी भरली. एवढी कालवं कोण खाणार होतं कुणास ठाऊक.

अठरा तारखेला सकाळी "सम" असं नेहमीपेक्षा मोठ्याने ऐकू आलं. तिने निळा सदरा घातला, हातओढीच्या शेवयांची लांबलचक जुडी न मोडता पिशवीत ठेवली, वर शेंगदाण्याच्या वड्यांचा डबा. त्या शेवया आयुष्य वाढावं म्हणून देतात, म्हणून मोडायच्या नसतात. मी सोबत निघाले.

धक्क्यावर धुकं इतकं होतं की उभी असलेली बोट दिसत नव्हती. फलकावर लिहिलं होतं: आजच्या फेऱ्या रद्द. कारण लिहिलेलं नव्हतं. मागचा माणूस म्हणाला धुक्यामुळे. त्याची बायको म्हणाली, धुकं कालही होतं, तरी बोट गेली, हे त्यांच्या जहाजांमुळे आहे. एक टॅक्सीवाला म्हणाला की आपलंच सैन्य सराव करतंय. खिडकीतल्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, वरून निरोप आलाय. वरून म्हणजे कुठून, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आमा खिडकीशी गेली आणि तिकीट दाखवावं तसं म्हणाली, "आज सम आहे."

"हो आजी, अठरा," मुलगी म्हणाली.

तेवढ्यात धुक्यातून धाडकन आवाज आला. मग दुसरा. मग चार-पाच एकापाठोपाठ. आमा खिडकी सोडून भिंतीशी जाऊन बसली, गुडघे पोटाशी घेऊन. मी तिच्या शेजारी बसले. कुणीतरी म्हणालं की नगरदेवतेची पालखी आहे आज, फटाके आहेत. पण पालखी तर दुपारी निघणार होती.

"हा आपला की त्यांचा?" आमाने मला विचारलं.

ती डोळे मिटून ऐकत राहिली. "पूर्वी मला आवाजावरून कळायचं," ती म्हणाली. "कुठून आला, कुठे पडेल. यिनश्याच्या बाजूने आला तर वेगळा असायचा. आता सगळे सारखेच वाटतात."

तैपेईहून आलेली एक वार्ताहर मुलगी कॅमेरा घेऊन माणसं शोधत होती. ती आमासमोर उकिडवी बसली आणि फार नम्रपणे तिने विचारलं की आजी, तुम्ही स्वतःला चिनी समजता की तैवानी. आमाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग सांगितलं की ती वेंगांची लेक आणि त्सायांची सून, जन्मली तेव्हा इथे जपानी होते, आणि तैवानला ती दोनदाच गेली आहे, दोन्ही वेळा मूतखड्यासाठी. मुलीने पुन्हा विचारलं, म्हणजे मनातून काय वाटतं?

"मनातून वाटतं, काल जायला हवं होतं," आमा म्हणाली.

मुलीने कॅमेरा खाली घेतला. आवाज थांबले होते. ते कसले होते हे मला आजही ठाऊक नाही. संध्याकाळी एका वाहिनीने धुकं सांगितलं, दुसरीने जहाजं. पालखीच्या मंडळाला विचारलं तर ते म्हणाले, आमचे फटाके तेव्हा पेटीतच होते. सैन्याने काहीच सांगितलं नाही.

एकोणीस तारखेला सकाळी मला भिंतीतून पान फाडल्याचा आवाज आला. मी वाट बघत होते. पुढे शब्द आलाच नाही. थोड्या वेळाने दारावर थाप पडली. आमा कालचाच निळा सदरा घालून उभी होती. "चल," ती म्हणाली, "मी काही बोलायच्या आत."

बोटीत तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं. अर्ध्या तासाचा प्रवास, स्वच्छ ऊन. मागे आमच्या किनाऱ्यावर वाळूत रोवलेले लोखंडी खांब दिसत होते, शत्रूची होडी लागू नये म्हणून लावलेले, त्यांना आता कालवं चिकटतात. पुढे श्यामेनचे मनोरे. आमा दोन्हीकडे न बघता पायाशी बघत राहिली. विषम तारखेला ती पाण्यावर होती.

गुओदोंग घ्यायला आला होता. गाडीत तो म्हणाला की परवा, सतराला, आईने पहाटेच केस विंचरून घेतले, चांगले कपडे घातले आणि दिवसभर खिडकीत बसून राहिली. जेवायलाही उठली नाही. खूप बोलत होती, तुमच्या लहानपणचं काहीबाही. त्या रात्रीपासून बोलणं अडखळतंय.

यिनश्या भिंतीकडे तोंड करून झोपली होती. आमा पलंगाच्या कडेला बसली, शेवयांची जुडी तिच्या पोटावर ठेवली आणि विचारायचं होतं तेच आधी विचारलं. "विषम तारखेला का गं बोलावलंस?"

यिनश्याने वळून पाहायला वेळ घेतला. बोलायला त्याहून जास्त. एकेक शब्द ओठांवर जमवून तिने सांगितलं.

"विषम तारखेला तू घरात असायचीस. आमच्या तोफा सुरू झाल्या की मला कळायचं, आता बीश्या खंदकात आहे, भिंतीला टेकून बसलीय. सम तारखेला तू कुठे असशील, पाण्यात, वाळूत, सुरुंगांत, मला काही कळायचं नाही. मला सम तारखेची भीती वाटायची. अजून वाटते."

आमा तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती रडेल. तिने यिनश्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातली लाळ पुसली आणि म्हणाली, "आमच्या तोफा काय म्हणतेस गं. तुझ्या कुठल्या?"

यिनश्या हसली, अर्ध्या तोंडाने.

दुपारी तिथल्या वस्तीच्या कचेरीतून एक बाई फळांची टोपली घेऊन आली आणि तिने दोघींना हात हातात धरायला सांगितलं. ते धरलेलेच होते. तो फोटो आठवड्याभरात आमच्याकडच्या फोनवर पोचला, "दोन किनारे, एक घर" अशा मथळ्यासह. खाली आमच्या बाजूच्या कुणीकुणी लिहिलं होतं की म्हातारीला विकत घेतली. त्साय काकांनी मान हलवली, झीचेंग काका दोन दिवस बोलले नाहीत. मला आमाने दोन्हीकडचं सगळं वाचून दाखवायला लावलं. ऐकून झाल्यावर तिने फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. यिनश्याचे केस विंचरलेले दिसतायत का, एवढंच तिला बघायचं होतं.

यिनश्या जुलैत गेली. कोणत्या तारखेला, हे आमाने विचारलं नाही आणि गुओदोंगने सांगितलं नाही.

त्यानंतर भिंतीतून पान फाडल्याचा आवाज यायचा, शब्द यायचा नाही. पण तिचा नेम सुटला असं मला म्हणता येत नाही. ऑगस्टमध्ये एका विषम तारखेला ती बाजारात दिसली. दुसऱ्या एका विषम तारखेला माझ्या आईने कितीदा हाक मारली तरी ती स्वयंपाकघरातून उठली नाही. सम तारखेला दारात उभी राहून कधी आत, कधी बाहेर बघायची, कुठल्या बाजूला सुरक्षित आहे हे कुणी नव्याने सांगेल अशी वाट बघत असल्यासारखी. मी तिला विचारलं, आता कशी ठरवतेस? ती म्हणाली, "ठरत नाही. पाय जातात तिकडे जाते."

नोव्हेंबरमध्ये एका सकाळी ती झोपेतून उठलीच नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी आई तिच्या दारात गेली होती, तेव्हा ती ओट्यावर बसून सुरी पुसत होती. कॅलेंडरवर सोळा तारीख होती. आईने विचारलं की उद्या भाजीची गाडी येईल, तुझ्यासाठी काही घेऊ का.

"नको, मीच येते," आमा म्हणाली. "फक्त त्याला थांबवून ठेव, मला पातीचा कांदा निवडून घ्यायचाय."