चंद्राबाई ल, पुढं चौकोन

साळुंख्यांच्या घरात चहाच्या गाळण्याला तीन नावं होती. अंकिता त्याला गाळणं म्हणायची, सासरे ‘ते जाळीचं’ म्हणायचे आणि सासूबाई, चंद्राबाई, चाळण. लग्न होऊन विट्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी ‘चाळण आण गं’ म्हटलं आणि अंकितानं पिठाची चाळण नेऊन दिली. चंद्राबाईंनी न बघताच पातेलं ओतलं. उकळता चहा सगळीकडून पसरला आणि त्यांचा हात पोळला.

पुढच्या रविवारी अंकितानं स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं चिकटवली. एका वस्तूला एक नाव.

“आता माझ्याबी कपाळावर चिकटव चिठ्ठी,” चंद्राबाई म्हणाल्या. “न्हाईतर वळखायची न्हाईस मला.”

अंकिताचं काम तसलंच होतं. नवरा ऋषिराज कोइमतूरला गलाईच्या दुकानात, सोनं आटवून शुद्ध करायच्या धंद्यात. ती वरच्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी लिहायची. कंपनीनं नावं, पत्ते, असला मजकूर हाताळायचा तयार कोड बनवला होता. दुसऱ्या कंपन्यांचे प्रोग्रॅमर तो घेऊन आपापल्या प्रोग्रॅमात बसवत. तो कसा वापरायचा याची पानं अंकिता लिही.

“दिसभर काय लिवतीस गं?” सासूबाई विचारायच्या.

“कसं वापरायचं, त्याचं पुस्तक.”

“मिक्सरबरुबर येतं तसलं?”

“तसलंच.”

“मग ते कोण वाचतंय!”

अंकिता हसायची, पण तिला भीती वाटायची ती हीच. कुणी पूर्ण वाचत नसे. लोक हवी ती एक ओळ वाचत आणि तेवढ्यावर विश्वास टाकून पुढं जात.

जुनी पानं पाच जणांनी पाच वेळा लिहिलेली. कुठं ‘कॅरेक्टर’, कुठं ‘लेटर’, कुठं ‘बाइट’. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं इंग्रजी नावं होती. संगणक जागा बाइटात मोजतो; इंग्रजी अक्षराला एकच बाइट जागा लागते, त्यामुळे तिथं कोणताही शब्द चालून जाई. मराठी अक्षराला मात्र तीन बाइट लागतात, काना-वेलांटीला आणखी तीन. अंकिता महिनोन्‌महिने एकेक पान घेऊन शब्द सारखे करत होती.

तसं करतानाच तिला नाव आखूड करायच्या सोयीचं पान सापडलं. त्यावर लिहिलं होतं, बत्तीस कॅरेक्टर, म्हणजे अक्षरं, ठेवा. प्रत्यक्षात कोड बत्तीस बाइट मोजून कापत होता. पडताळायला तिनं पहिलं सुचलेलं लांब नाव टाकलं, चंद्राबाई लालासाहेब साळुंखे. पडद्यावर उरलं ‘चंद्राबाई ल’ आणि त्याच्यापुढं एक रिकामा चौकोन. ‘ला’चा काना मधोमध तुटला होता.

तिनं पुण्याला शंभूराजला सांगितलं. तो तिचा वरिष्ठ.

“मॅडम, शब्दच आहे हो एक,” तो म्हणाला. “पुढच्या आवृत्तीत सगळं एकदम घेऊ.”

ते पान बदलायचा अधिकार तिला होता. तिनं बदललं नाही, आणि त्याचं कारण शंभूराज नव्हता. त्याच्याशी जोडलेली आणखी सात पानं होती. हे एकच बदललं असतं तर ते बाकीच्यांशी जुळलं नसतं, आणि न जुळणारं पान तिला बघवत नसे. आठही एकदम करू, म्हणून तिनं ते बाजूला ठेवलं.

त्याच आठवड्यात सासूबाईंचं पोट दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. रक्त फार कमी होतं, म्हणून आधी रक्त चढवायचं आणि मग ऑपरेशन, असं ठरलं. सासूसासऱ्यांना घेऊन गाडी तासगाववरून सांगलीला गेली. चंद्राबाई वाटभर एवढंच म्हणत होत्या, “गॅसचं बटण बगितलंस न्हवं?”

खाजगी दवाखाना होता, बायकांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. रेश्मा नावाच्या तरुण नर्सनं चंद्राबाईंच्या मनगटावर छापील पट्टी बांधली. अंकितानं सहज वाचली.

चंद्राबाई ल, पुढं चौकोन.

तिनं पर्समधून ॲडमिशनची पावती काढली. खाली बारीक अक्षरात दवाखान्याच्या प्रोग्रॅमचं नाव होतं. तो बनवणारी कंपनी अंकिताच्या कंपनीचा कोड वापरत होती, हे तिला माहीत होतं. कुणीतरी तिचं पान उघडलं होतं, एक ओळ वाचली होती आणि पुढं गेलं होतं.

“सिस्टर, हे नाव अर्धंच आलंय.”

“सगळ्यांचीच तशी येतात, ताई. खाली नंबर असतो की.”

नंबर होता, मुंगीएवढा. अंकितानं स्वतःला समजावलं की नंबर आहे.

दुपारी शेजारच्या पलंगावर आटपाडीच्या एक बाई आल्या. किडकिडीत, बोलक्या. त्यांनाही रक्तच चढवायचं होतं.

“तुमी चंद्राबाई? अवं, मीबी चंद्राबाईच!” त्या म्हणाल्या. “चंद्राबाई लक्ष्मण चंदनशिवे.”

अंकितानं त्यांच्या मनगटाकडं पाहिलं. तिथंही चंद्राबाई ल आणि चौकोन.

ती उठून थेट काउंटरवर गेली. तिथल्या माणसानं ऐकून घेतलं, मान हलवली. “वर सांगतो. आणि पलंगाचा नंबर वेगळा आहे ना, मॅडम? मग घाबरताय कशाला?” मग त्यानं तिला औषधांच्या दुकानात पिटाळलं. तिथं रांग होती. रांगेत उभी असताना तिला सारखं वाटत होतं की आपण वर असायला हवं.

वर तेवढ्यात साधीच गोष्ट घडली होती. साळुंखेबाईंच्या पलंगावर पंख्याचा वारा थेट येत होता आणि त्यांचे गुडघे धरले होते. आटपाडीच्या बाईंना उकडत होतं. दोघींनी पिशव्या उचलल्या आणि एसटीत जागा बदलावी तसे पलंग बदलले. त्यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे असं दोघींनाही वाटलं नाही.

अंकिता औषधं घेऊन जिना चढून आली तेव्हा सासूबाई खिडकीजवळच्या, दुसऱ्या पलंगावर होत्या. स्टँडला रक्ताची पिशवी लटकत होती. नळी लाल झाली होती. तिचं टोक हातातल्या सुईला जोडलेलं होतं आणि रेश्माचं बोट नळीवरच्या, रक्त सोडायच्या चाकावर होतं.

“थांबा! सिस्टर, थांबा!”

रेश्मा दचकली. “काय झालं?”

“ह्या कोण आहेत, विचारलंत का?”

“विचारलंय मी. नाव चंद्राबाई. मालकांचं नाव सांगेनात, म्हणून म्हटलं, ल वरनं का? व्हय म्हणाल्या. पट्टीवर ल, पिशवीवर ल, पलंग तोच. आणखी काय विचारू? दहा पेशंट आहेत मला.”

“नंबर बघा.”

“ताई, तुम्ही बाजूला व्हा आधी.”

“आई,” अंकितानं नळी मुठीत दाबून धरली. “पूर्ण नाव सांगा तुमचं.”

चंद्राबाईंनी दाराकडं बघितलं. दारात टोपी हातात घेऊन सासरे उभे होते. चंद्राबाईंनी पदर ओढला.

“ठावं हाय की सगळ्यास्नी.”

“त्यांना ठाऊक नाही, आई.”

“असं कसं मानसांत नाव घ्यायचं? लगीन झाल्यापास्नं कवा घेतलं न्हाई. तू सांग की.”

“माझं ऐकत नाहीत त्या. तुम्हीच सांगायला पाहिजे.”

पलीकडच्या पलंगावरून आटपाडीच्या बाई खेकसल्या, “घ्या की वो बाई! नाव घेतल्यानं नवरा काय झिजतोय व्हय? माझा तर लक्ष्मण लक्ष्मण करून जाडच झालाय!”

“अगं घे की!” सासरे दारातून ओरडले. त्यांचा आवाज चिरकला. “मी काय म्हणतोय व्हय तुला?”

चंद्राबाईंनी डोळे मिटले. ओठ हलले, पण काही ऐकू आलं नाही.

“मोठ्यानं, आई.”

“लालासाहेब,” त्या म्हणाल्या. मग एका दमात, “चंद्राबाई लालासाहेब साळुंखे, ऱ्हानार विटा.”

रेश्मानं तोंडातल्या तोंडात पुटपुटत मनगटावरची पट्टी उलटी करून उजेडात धरली. नंबर वाचला. मग पिशवीवरचा वाचला. परत पट्टीवरचा वाचला. तिच्या चेहऱ्यावरचा वैताग उतरला आणि मागं काहीच उरलं नाही. तिनं नळी सुईपासून सोडवली, पिशवी उतरवली आणि ती छातीशी धरून मोठ्या सिस्टरांना हाका मारत धावली.

पिशवी बी गटाची होती. चंद्राबाईंचा गट ओ.

मोठ्या सिस्टर आल्या, डॉक्टर आले. चाक उघडलंच नव्हतं, थेंब आत गेलेला नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. अंकितानं मान हलवली आणि सासूबाईंच्या पायाशी बसून राहिली. हुडहुडी भरते का, अंग तापतं का, हे बघायला तिनं त्यांची पावलं धरून ठेवली.

“गार हायत का गं?” चंद्राबाईंनी हळूच विचारलं.

“नाहीत.”

“मग अशी काय धरलीस? भ्या वाटतंय मला.”

“मलापण.”

संध्याकाळ व्हायच्या आधी ती जिन्यावर लॅपटॉप घेऊन बसली. शंभूराजला फोन लावला.

“आजच बदलतेय मी ते पान,” ती म्हणाली.

“बाकीची सात? ती जुळणार नाहीत मग.”

“नाही जुळत तर नाही जुळू देत. आणि दवाखान्याच्या प्रोग्रॅमवाल्यांना तुम्ही फोन करा. आत्ता. मेल नको.”

“काय झालंय, मॅडम?”

तिनं सांगितलं. मग पान उघडलं. कॅरेक्टर खोडून बाइट लिहिलं. खाली ठळक अक्षरात धोका लिहिला. उदाहरणातलं इंग्रजी नाव काढून तिथं चंद्राबाई लालासाहेब साळुंखे टाकलं, आणि कापल्यावर काय उरतं तेही. पान पाठवून दिल्यावरही तिला सुटल्यासारखं वाटलं नाही. जुनं पान वाचून किती जणांनी किती गावांतली नावं कापून ठेवली असतील, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

रेश्मा दुसरी पिशवी घेऊन आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. “मावशी, नाव?” एवढंच ती म्हणाली.

“चंद्राबाई लालासाहेब साळुंखे!” चंद्राबाईंनी आख्ख्या वॉर्डाला ऐकवलं.

“दमानं वो,” आटपाडीच्या बाई म्हणाल्या. “आता झोपेत माझ्याबी तोंडी तुमच्याच मालकाचं नाव यायचं.”

कुणी फारसं हसलं नाही. रेश्मानं पट्टीवरचा नंबर एकेक आकडा मोठ्यानं वाचला. अंकितानं पिशवीवरचा वाचला. जुळला. तरी अंकितानं चाकाला हात लावू दिला नाही. तिनं रेश्माकडून चिकटपट्टीचा तुकडा आणि पेन मागून घेतलं, तुकडा सासूबाईंच्या मनगटावर चिकटवला आणि त्यावर पूर्ण नाव लिहायला घेतलं. ‘लालासाहेब’मधला दुसरा काना पार तिरका गेला.

“चिकटवलीस एकदाची चिठ्ठी,” चंद्राबाई म्हणाल्या, पण हात त्यांनी स्थिर धरला होता.

रेश्मानं चाक उघडलं. नळीतल्या पारदर्शक फुग्यात पहिला थेंब लोंबला, मोठा झाला आणि पडला. अंकितानं सासूबाईंचं पाऊल पुन्हा मुठीत धरलं आणि दुसऱ्या थेंबाकडं बघत राहिली.