कनवटीचा चाकू

माझ्या बायकोच्या थोरल्या आत्याइतका संतापी माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात दुसरा नाही, आणि कुठे असलाच तर तो चार दिवस आत्याच्या पडवीत बसून शिकून गेलेला असणार. वय अडुसष्ट, उंची जेमतेम पाच फूट, वजन एखाद्या भरल्या आंब्याच्या पेटीइतकं. पण राग असा, की तिची हाक ऐकून सड्यावरची, म्हणजे कातळाच्या माळावरची गुरं वाट बदलतात. बिस्किटाच्या पुड्यावर ‘येथून फाडा’ असं लिहिलेलं असतं आणि तो तिथून कधीच फाटत नाही, याचा तिला राग येतो. अबोलीचा वळेसर प्लास्टिकच्या दोऱ्यात ओवणाऱ्या बायकांचा येतो. कैरी झाडावरून काठीने झोडून पाडणाऱ्यांचा तर इतका येतो, की ती आधी कैरीची विचारपूस करते आणि मग झोडणाऱ्याची. पण या सगळ्या रागांचा मुकुटमणी म्हणजे चाकू न बाळगता घराबाहेर पडणाऱ्या माणसांवरचा राग. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या पाया पडायला गेलो, तर आशीर्वाद देण्याआधी तिने मला विचारलं, “जावयबापू, तुमच्या खिशात काय आसता?” मी भाबडेपणाने यादी सांगितली : रुमाल, किल्ल्या, पेन, फोन. “आणि कापूचा काय इला, तर फोनान कापतलात?” असं म्हणून तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो आशीर्वाद होता की सांत्वन, हे मला अजून कळलेलं नाही.

जामसंड्यापासून आत, सड्याच्या उतारावर आत्याची आंब्याच्या कलमांची नर्सरी आहे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. चाळीस वर्षं ही बाई एकटी कलमं बांधते. तिच्या हातचं कलम सहसा मरत नाही, असं तालुक्यात सगळे सांगतात, आणि कोणी सांगितलं नाही तर ती स्वतः सांगते. हे सगळं तिने एका चाकूवर केलं. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबातले गृहस्थ बोटीवर नोकरीला असत. त्यांनी कधीतरी परदेशातून तो तिला आणून दिला होता. तिकडे गुरं पाळणारी माणसं खिशात बाळगतात तसला घडीचा चाकू : मोठा, जड, हाडाच्या मुठीचा आणि तीन पात्यांचा. लांब टोकदार पातं रोजच्या कामाचं. मधलं सरळ धारेचं पातं फक्त कलमांचं. त्याने दुसरं काही कापलं तर आत्या दोन दिवस जेवत नसे. तिसरं आखूड, गोल टोकाचं. ते बोकड खच्ची करायचं. ही माहिती ती कुठेही, कुणालाही, जेवणाच्या पंगतीतसुद्धा खुलासेवार देई. त्याच शेजाऱ्यांच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला केक कापायला सुरी सापडेना, तेव्हा आत्याने कमरेच्या कनवटीतून चाकू काढून पुढे केला. पाहुणे गोव्याहून आलेले, चांगले कपडे घातलेले. सगळे मागे सरकले. तशी ती मोठ्याने म्हणाली, “घाबरू नकात. ह्यां पातां बोकडाचां न्हय!” त्या दिवशी बराच केक शिल्लक राहिला.

मी ज्या बँकेत काम करतो तिथल्या सुरक्षारक्षकाने एकदा तिला दारात अडवलं. बिचारा नवीन होता. “आजी, चाकू आत नेता येणार नाही.” आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्याच्या बंदुकीकडे बोट दाखवलं. “हेच्यात गोळी आसा?” तो बंदुकीचा पट्टा सावरू लागला. “नाय? मगे माझो चाकू बरो. तो निदान कापता तरी.” एवढ्यावर थांबली असती तर ठीक होतं, पण रक्षक पुन्हा नियम सांगू लागला, तशी ती एकदम शुद्ध मराठीत शिरली. आत्या शुद्ध मराठीत शिरली की आम्ही घरातली माणसं चप्पल घालतो. “मी या तालुक्यातल्या अर्ध्या बागा या चाकूने उभ्या केल्या आहेत. आपण काय उभं केलंत?” असं तिने त्याला विचारलं. मला टेबल सोडून धावत यावं लागलं.

तो चाकू गेल्या थंडीत गेला. इतक्या वर्षांच्या धार लावण्याने मधलं पातं झिजून काडीसारखं झालं होतं, ते एक दिवस कट्कन मोडलं. आत्याने मोडका तुकडा चिंधीत गुंडाळला, पेटीत ठेवला आणि आमच्याकडे निरोप धाडला : नवीन चाकू घ्यायचा आहे, जावयबापूंना पाठवा. माझ्याकडे स्कूटर आहे, हा माझा गुन्हा. बायकोने मला विचारलंसुद्धा नाही.

यानंतरच्या तीन महिन्यांविषयी मी शांतपणे लिहू शकत नाही. कणकवली झाली, सावंतवाडी झाली, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार झाला. आत्याच्या अटी ठरलेल्या होत्या. चाकू मोठाच हवा. “कनवटीक जड लागाक होयो. पडलो तर कळाक नको?” पाती तीनच हवीत. दोन म्हणजे अपुरा संसार आणि चार म्हणजे चैन. एका दुकानदाराने कात्री, बूच काढायचा स्क्रू, दातकोरणं असलेला लाल चाकू दाखवला, तर म्हणाली, “हो चाकू न्हय, हां वाण्याचां दुकान.” दुसऱ्याने एका बोटाने झटक्यात उघडणारा दाखवला. मला तो आवडला. आत्याने तो शेपटीला धरून उंदीर उचलावा तसा उचलला. “मवाल्यांचो चाकू. माका गोव्यात दरोडो घालूचो नाय.” तिसरा दुकानदार तरुण होता. त्याने प्रेमाने विचारलं, “आजी, भाजी कापूक होयो मां? मगे ही सुरी बगा, गुलाबी मूठ आसा, बायकांक आवडता.” त्यानंतर आत्या त्या दुकानात पाऊण तास शुद्ध मराठीत बोलली. मी बाहेर स्कूटरपाशी उभा होतो, तरी शब्दन् शब्द ऐकू येत होता.

आणि तसले तीन पात्यांचे चाकू मिळत नव्हते, असंही नाही. दोन-तीन ठिकाणी मिळाले. पण दर वेळी एकच प्रकार. आत्या चाकू हातात घेई, “वायच उजेडात बघतंय” म्हणून दुकानदाराकडे आणि माझ्याकडे पाठ करून दाराशी जाई, तिथे बराच वेळ उभी राही आणि परत येऊन तुच्छतेने काउंटरवर टाकी. “मूठ बुळबुळीत.” “पोलाद हलक्या जातीचां.” “हेका चाकू म्हणूचा तर विळ्याक काय तलवार म्हणूचा?” मग मी फोनवरून मागवायला सुरुवात केली. पार्सल येई, दोन दिवस तिच्याकडे राही, आणि निरोप येई : परत पाठवा. चार चाकू गेले नि आले. कुरिअरवाला मला पाहून तोंड फिरवू लागला. मी बायकोला स्पष्ट सांगितलं, की तुझ्या आत्याला चाकू नको आहे, तिला फक्त जगातले सगळे चाकू नापास करायचे आहेत, आणि मी तिचा शिपाई नाही.

पाचवा चाकू परत न्यायला गेलो तो दिवस मी सांगतो. स्कूटर उतारावरच बंद पडली, म्हणून चालत, मागच्या बाजूने आलो. आत्या मागच्या पायरीवर बसली होती. मांडीवर नवा चाकू. पात्यावर नखासाठी जी खाच असते तिच्यात अंगठ्याचं नख घालून ती पातं ओढत होती. पातं अर्धं वर आलं आणि स्प्रिंगने खाडकन मिटलं. तिने पदर गुंडाळून ओढलं. मिटलं. मग इकडे तिकडे बघून तिने चाकू तोंडाशी नेला आणि पातं दातात धरलं. तेही जमलं नाही. तिने चाकू खाली ठेवला आणि डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून चोळू लागली. सांध्यांवर गाठी आल्या होत्या. अंगठा तर मुळापाशी सुजून वाकडा झाला होता. दोन-चार वर्षं तरी झाली असतील. मी दर महिन्याला त्या हातांतून चहाचा कप घेत होतो.

मी पावलं न वाजवता मागे गेलो, पुढच्या अंगणात येऊन मोठ्याने खोकलो. ती बाहेर आली ती नेहमीसारखीच ताठ. “इलात? हो घेवन जावा. पोलाद बरां नाय.”

स्कूटर कशीबशी चालू करून घरी जाताना मला इतका राग आला होता, की गीअर कुठले टाकत होतो ते कळत नव्हतं. ज्या शहाण्याने इतक्या कडक स्प्रिंगा बसवल्या त्याचा राग आला. गुलाबी मूठ दाखवणाऱ्या त्या पोराचा आला. आत्याचा आला, इतक्या जणांवर ओरडता येतं, आणि हात दुखतो एवढं एक वाक्य बोलता येत नाही? ‘मी तिचा शिपाई नाही’ म्हणणाऱ्या स्वतःचा तर पुष्कळच आला. म्हटलं, उद्याच तो एका बोटाने उघडणारा आणून तिच्या हातात देतो. बायको ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, “तिका कळता कामा नये. आमका म्हायती आसा ह्यां तिका कळला, तर ती उद्यापासून कलमां बांधूचा सोडतली.”

शेवटी मीच एक चाकू निवडला, सगळ्यांत मोठा. मिटलेला असतानाही तळहात भरून टाकणारा, पात्यावरची खाच लांब आणि खोल. स्प्रिंग मात्र त्याचीही कडक होती; जुन्या चाकूची वर्षानुवर्षं उघडून-मिटून सैल झालेली असणार. मी सांध्यांत तेल सोडलं आणि पंधरा दिवस तो उघडत-मिटत बसलो. सकाळी चहाबरोबर, दुपारी बँकेत डबा खाताना, संध्याकाळी बातम्या ऐकताना. पहिलं पातं शंभरदा, दुसरं शंभरदा, तिसरं शंभरदा. सुरक्षारक्षकाने आपली खुर्ची माझ्या टेबलापासून लांब नेली. माझं अंगठ्याचं नख मधोमध फाटलं, पट्टी बांधावी लागली. पण पंधराव्या दिवशी पाती लोण्यातून निघावीत तशी उघडू लागली.

तो मी आत्याला नेऊन दिला. “आजच आला,” म्हटलं. ती सवयीने पाठ करून दाराशी गेली. मी पडवीतल्या खांबाकडे बघत राहिलो. कट्. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा कट्. आणि तिसरा. ती वळली तेव्हा तीनही पाती पंख्यासारखी उघडी होती. तिने चाकू पाहिला, मला पाहिलं, माझ्या अंगठ्यावरची पट्टी पाहिली.

“अंगठ्याक काय झाला?”

“दारात चेमटला.”

तिने मधल्या पात्याची धार बोटाने चाचपली. मग म्हणाली, “हल्लीची दारां वायटच.” आणि पुढची दहा मिनिटं ती दारांवर, सुतारांवर, बिजागऱ्यांवर आणि ओल्या लाकडाचा धंदा करणाऱ्या सगळ्यांवर मनापासून बरसली. बोलता बोलता तिने चाकू मिटला, कनवटीला लावला आणि वरून थोपटला.

यंदा पाऊसभर तिने कलमं बांधली. पूर्वीइतकी नाही. श्रावणात सुट्टीच्या दिवशी मी सहज गेलो, तर मांडवात रोपांच्या रांगेसमोर ती बसलेली होती आणि चाकू मिटलेला बाजूला होता. दुपार उलटली होती. मला वाटलं, आता काहीतरी दोष निघणार : पावसाचा, पोलादाचा, माझा. तिने चाकू उचलून माझ्यापुढे धरला.

“जावयबापू, वायच उघडून देवा. दुपारचां बोटां आयकत नाय.”

मी मधलं पातं उघडून दिलं. तिने कलमाची काडी घेतली आणि तिरपा छेद दिला, एकदाच. हात जरासुद्धा हलला नाही. तासलेली काडी रोपात बसवली, पट्टी गुंडाळली, आणि पुढच्या रोपासाठी हात केला. मी रोपांच्या पिशव्या सरकवून देत राहिलो. दिवेलागणीला मी निघालो, तेव्हा तिने मान वर न करताच विचारलं, “उद्या येतलात मां?”

उद्या बँक होती. “सांजच्याक येतंय,” म्हटलं. बरां, म्हणाली ती, आणि चाकू मिटायला माझ्या हातात दिला.