एका दाताचा फरक

कर्वेनगरच्या त्या चार मजली सोसायटीत कुणाचा मिक्सर बंद पडला, कुणाच्या दाराचं कुलूप अडकलं, की पूर्वी एकच नाव निघायचं: बद्रीनाथ. विशीत जालन्याकडून पुण्यात आलेला माणूस. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तेहतीस वर्षं फिटर म्हणून काढली, आणि निवृत्त झाल्यावर सोसायटी हाच त्यांचा कारखाना झाला.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर एजाज राहायला आला आणि या संस्थानाला घरघर लागली. एजाज पस्तिशीचा, मार्केट यार्डाजवळच्या एका गॅरेजात मुख्य मेकॅनिक. हात हलका, जीभ गोड. सहा महिन्यांत जिन्यातून येताजाता लोक त्याचं दार वाजवू लागले. कहर म्हणजे कौशल्याबाईंनी, म्हणजे बद्रीनाथांच्या सख्ख्या बायकोने, घरचा गीझर त्याला दाखवला. "तुम्ही झोपला होतात," असं वर निर्विकारपणे सांगितलं. बद्रीनाथ आठवडाभर गार पाण्याने आंघोळ करत होते.

तेही त्यांनी गिळलं असतं. गिळवत नव्हतं ते स्वरालीचं. एकुलती एक मुलगी, वाघोलीच्या कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. लहानपणी बापाशेजारी फतकल मारून बसायची आणि प्रश्न विचारून जीव नकोसा करायची. आता प्रोजेक्टचं काही अडलं की ती दुसऱ्या मजल्यावर जायची आणि जेवताना "एजाजदादा म्हणाले" अशी सुरुवात करायची. तेवढं ऐकलं की बद्रीनाथांचा घास तोंडात फिरू लागे. त्यांना हेवा वाटत होता, आणि आपल्याला हेवा वाटतोय हे पक्कं ठाऊकही होतं. त्याने तो कमी होत नव्हता.

अशात त्यांच्या बावीस वर्षांच्या छोट्या गाडीखाली हिरव्या पाण्याचं थारोळं दिसू लागलं. जवळच्या वारज्यापर्यंत गेलं तरी तापमानाचा काटा लाल रेषेला टेकायचा. इंजिनात पाणी फिरवणारा वॉटरपंप गेला होता. सोमवारी स्वरालीला प्रोजेक्टचं मॉडेल घेऊन कॉलेजात पोचायचं होतं, आणि ते धूड याच गाडीत मागची सीट पाडून मावणार होतं.

"एजाजदादांना सांगू का? तासाभरात करतील," स्वराली म्हणाली.

"मी मेलो नाहीये अजून," बद्रीनाथ म्हणाले, आणि शनिवारी स्वतः जाऊन पंप घेऊन आले.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये पोतं अंथरून त्यांनी बॉनेट उघडलं. स्वराली आपणहून खाली आली, शेजारी बसली, "हे आधी का काढायचं?" असं विचारू लागली. बद्रीनाथ सांगत होते. इतकं बरं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. या गाडीत पंपापर्यंत पोचायचं तर इंजिनातली दोन दातेरी चाकं एकत्र फिरवणारा टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो. वरचं चाक आणि खालचं चाक यांचं ठरलेलं नातं असतं. बेल्ट परत चढवताना एक दातही इकडेतिकडे झाला की इंजिन बिघडतं. म्हणून उतरवण्याआधी बेल्टवर आणि दोन्ही चाकांवर खुणा करायच्या. बद्रीनाथांनी कौशल्याबाईंच्या शिवणाच्या डब्यातला खडू आणला आणि खुणा केल्या.

तेवढ्यात दुधाची पिशवी घेऊन एजाज आला. थांबला, वाकून पाहिलं. "काका, खडू टिकायचा नाही. नेलपॉलिश लावा."

"आमच्या वेळी इंजिनं नटत नसत," बद्रीनाथ म्हणाले. स्वराली हसली, आणि ते हसू आपल्या बाजूचं आहे असं समजून बद्रीनाथ खूश झाले. एजाजही हसला आणि वर गेला.

जुना पंप निघाला. चिकटून बसलेलं गॅस्केट खरवडून काढलं, नवा पंप बसला. मग बद्रीनाथांनी तेच केलं जे तेहतीस वर्षं केलं होतं. टूलरूमचा शिरस्ता होता, की कुठलाही भाग जोडण्यापूर्वी पुसून लख्ख करायचा. डिझेलचं फडकं घेऊन त्यांनी दोन्ही चाकं आरशासारखी चमकवली. चमकवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की चाकांवरच्या खुणाही पुसल्या गेल्या.

स्वराली तेव्हा पाण्याची बादली आणायला गेली होती. बद्रीनाथांनी घाम पुसला. चाकांवर कंपनीने कोरलेल्या रेघा असतात, पण त्या पार झिजल्या होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, परत खाली घेतला आणि अंदाजाने बेल्ट चढवला. ती परत आली तेव्हा कव्हर बसलं होतं.

चौथ्या खेपेला गाडी सुरू झाली. पाणी गळत नव्हतं. स्वरालीने टाळ्या वाजवल्या. पण इंजिन आवंढे गिळत होतं, आणि ते बद्रीनाथांच्या कानांनी पहिल्या क्षणी पकडलं. गाडीचा आवाज ऐकून एजाज खाली आला होता आणि खांबापाशी उभा होता. त्यालाही कळलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"दादा, बरोबर आहे ना आवाज?" स्वरालीने विचारलं. बाप समोर असताना तिने त्यालाच विचारलं.

एजाज जमिनीकडे पाहत म्हणाला, "काकांना विचार. काम त्यांनी केलंय."

बद्रीनाथांच्या जिभेवर "बरोबर आहे" आलं होतं. एवढं म्हटलं की दिवस त्यांचा होता. पण उद्या नगर रस्त्यावर, मागे ते मॉडेल आणि पुढे ट्रक, अशी पोरगी एकटी अडकलेली त्यांना दिसली. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"एक दात चुकलाय. खुणा माझ्याच हातून पुसल्या गेल्या. तुला सांगितलं नाही."

स्वरालीने पाना पुढे केला, आणि बद्रीनाथांनी कव्हर पुन्हा उघडलं. एजाज पुढे आला, मोबाइलच्या उजेडात झिजलेल्या रेघा त्याने शोधून दिल्या. बेल्टला मात्र हात लावला नाही. बद्रीनाथांनी तो एक दात मागे घेतला, बेल्ट ताणून आवळला, कव्हर बसवलं. आता फक्त किल्ली फिरवायची होती.

"चलतो काका, सुमय्या हाक मारतेय," म्हणून एजाज जिन्याकडे वळला. त्याच्या बायकोने हाक मारलेली नव्हती. बद्रीनाथांचे कान चांगले होते.

गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि मऊ, एकसारखी चालू लागली. पार्किंगमध्ये दोघंच होती. स्वरालीने बापाच्या तेलकट हाताला मिठी मारली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्यासारखं कुणाला येत नाही."

हेच ऐकायला बद्रीनाथ दोन वर्षं तळमळत होते. आणि ऐकताना ते रिकाम्या जिन्याकडे बघत होते. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या घरी दुरुस्त्या केल्या, पण काम झाल्यावर कौतुक होईपर्यंत ते कधी जागचे हलले नव्हते. हा गडी बरोबर वेळेला निघून गेला होता. हे त्यांना कुठल्याच टूलरूमने शिकवलं नव्हतं, आणि आता साठीनंतर येण्यासारखंही नव्हतं. या एका गोष्टीचा हेवा त्यांना मरेपर्यंत पुरणार होता.