मागचा पाय कुठे पडतो

आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी दोन प्रकारची निवडणी चालायची. मी ताटात तांदूळ निवडायची आणि हे पुस्तकात घोडे. पुस्तक म्हणजे रेसचं. दुसऱ्या दिवशी रेसकोर्सवर कुठल्या शर्यतीत कोण पळणार, पाठीवर किती वजन घेऊन, जॉकी कोण, मागच्या वेळी कितवा आला, सगळं त्यात छापलेलं असतं. सगळं इंग्रजीत. माझी शाळा चौथीतच सुटली, पण वाचायची खोड दांडगी. इंग्रजी अक्षरं मी कॅम्पातल्या दुकानांच्या पाट्यांवर शिकले आणि उरलेली या पुस्तकात.

आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही भुवया उंचावणार नाही: हे पैसे लावत नाहीत. एके काळी लावायचे. ती गोष्ट निराळी आहे आणि काही चांगली नाही, ती जाऊ दे. पैसे सुटले, पण घोडे काही सुटले नाहीत. उद्या कोण जिंकेल हे आदल्या दिवशी बसून काढायचं आणि रविवारी ते खरं होतं का बघायचं, एवढाच यांचा नाद. घोरपडीहून रेसकोर्स काही लांब नाही. तिथे स्टँडखाली एक बाक आहे आणि त्या बाकावर यांचे दोन मित्र. एक कॅम्पातले टेलरभाई, दुकान आता मुलाकडे दिलेलं. दुसरे बँकेतून निवृत्त झालेले पेठेतले गृहस्थ, त्यांना आम्ही बँकवालेच म्हणतो. दोघेही यांना मास्तर म्हणतात. हे आयुष्यभर कारखान्यात फिटर होते, शिकवलं कुणालाच नाही. पण मास्तरांनी घोडा सांगितल्याशिवाय त्या बाकावर कुणी काही ठरवायचं नाही, असा रिवाज पडून गेला होता.

यांची पद्धत उलटी. कोण जिंकेल ते शोधायचं नाही, आधी कोण जिंकणार नाही ते काढून टाकायचं. ओल्या मातीत जड वजन घेऊन पळणारा बाजूला. लांब पल्ल्याचा घोडा जवळच्या शर्यतीत घातलाय, तो बाजूला. खूप दिवसांनी परत आलाय, अजून दम भरलेला नाही, तोही बाजूला. असं करत दोन-तीन उरतात. त्यांतला एक मात्र शनिवारी कधीच सांगायचा नाही. तो रविवारी, पॅडॉकच्या कठड्याला उभं राहून. पॅडॉक म्हणजे शर्यतीआधी घोडे गोल फिरवतात ती जागा. हे म्हणायचे, "पुस्तक सांगतं घोडा काल कसा होता. आज कसा आहे ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. जो घोडा पाहिला नाही, त्याबद्दल बोलू नये."

आणि नेमकं तेच अंगाशी आलं. गेल्या उन्हाळ्यात यांच्या डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. "समोर माणूस आला की त्याचे कान दिसतात, तोंड नाही," असं डॉक्टरांना हसत सांगितलं यांनी. हसले तेवढेच. पावसाळा आला, शर्यती सुरू झाल्या, आणि हे खुर्चीतून उठेनात. टेलरभाईंचा फोन आला की म्हणायचे, "गुडघा दुखतोय." गुडघ्याला काही धाड भरली नव्हती. न पाहता सांगायचं नाही आणि पाहता येत नाही, मग त्या बाकावर जाऊन करायचं काय, हे होतं मनात. मला दिसत होतं, हा माणूस त्या बाकावरून उठला की सगळ्यातूनच उठणार.

शिवाय खरं सांगू का, रविवारची दुपार ही माझी दुपार होती. इतकी वर्षं हे घोडे बघायला गेले की मी पाय पसरून वाचत पडायची. आता खुर्चीतून दर थोड्या वेळाने यायचं, "काय वाचतेस?" कसलं वाचन न् कसलं काय!

म्हणून एका शनिवारी मीच कोपऱ्यावरून पुस्तक आणलं आणि यांच्यासमोर बसले. घोड्यांची नावं काही मला धड वाचता येईनात. एका घोड्याचं नाव तर मी असं काही वाचलं की हे म्हणाले, "अगं, हे नाव आहे की औषध?" पण वजनं, पल्ला, मागचे निकाल, ते सगळं मी वाचत गेले आणि यांनी डोळे मिटून ऐकलं. एकेक घोडा बाजूला होऊ लागला. जेवायची वेळ टळली तरी कुणाला सुध नाही.

शेवटी पुस्तक मिटून मी म्हटलं, "उद्या जाऊ या."

"आणि कठड्यापाशी उभं राहून मी काय करू?"

"तुम्ही विचारा, मी सांगते."

"तुला काय कळतं घोड्यातलं?"

"काहीच नाही. पण डोळे आहेत मला."

हिंजवडीहून सूनबाईचा फोन आला, तिला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुम्ही? रेसकोर्सवर? फोटो पाठवा!" तिला गंमत वाटली. मला मात्र रात्री नीट झोप लागली नाही, हे नुसते येऊन परत फिरले तर पुन्हा उठवायचे कसे यांना, याच विचाराने.

रविवारी सकाळी पावसाची एक सर येऊन गेली होती. आम्ही पोचलो तर बाकावर एकदम गलका. "या मास्तर! आणि भाभी पण?" टेलरभाईंनी जागा करून दिली. बँकवाले म्हणाले, "वहिनी, हळदीकुंकू पलीकडच्या गल्लीत असेल." मी म्हटलं, "तिथूनच येतेय, वाण म्हणून हे मिळाले." टेलरभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पण कठड्यापाशी गेल्यावर माझं हसू ओसरलं. इतके उंच घोडे मी इतक्या जवळून कधी पाहिलेच नव्हते. हे विचारायला लागले.

"पहिला कसा आहे?"

"छान आहे."

"छान म्हणजे?"

"म्हणजे... काळा आहे. चकचकीत आहे."

"आणि दुसरा?"

"तोपण छान आहे. जरा गरीब वाटतो बिचारा."

यांनी कठड्यावरचा हात काढला. बाकाशी परत आल्यावर टेलरभाईंनी विचारलं, "हां मास्तर, कौनसा?" हे म्हणाले, "नाही सांगता येत." पुढच्या शर्यतीलाही तेच. मी आपली घोडा छान, घोडा उंच, घोडा मान हलवतो. हे दर वेळी 'हूं' म्हणायचे. त्या 'हूं'मधली हवा कमी कमी होत चाललेली मला ऐकू येत होती. तिसऱ्या शर्यतीच्या आधी कठड्याकडे जाताना ते हळूच म्हणाले, "एवढी एक पाहू आणि घरी जाऊ. उगाच तुझी दगदग."

मला कळलं, घरी गेलो की संपलं. पुन्हा काही हे यायचे नाहीत.

त्या शर्यतीत एक घोडा सगळ्यांचा लाडका होता. तांबूस, अंगावर पाणी ठरणार नाही असा तुकतुकीत. आमच्या शनिवारच्या निवडणीतही तो उरला होता, आणि त्याच्याबरोबर आणखी एक, ज्याच्या जॉकीची टोपी पिवळी होती. सईस, म्हणजे घोडे सांभाळणारे, एकेकाला धरून गोल फिरवत होते. वाट सकाळच्या सरीने ओली होती आणि मातीत पाय उमटत होते. तांबूस घोडा समोरून गेला आणि मी बघतच राहिले.

"अहो, हा कसा चालतो माहितीय का? मागचा पाय अगदी पुढच्या ठशात. जरा म्हणून इकडेतिकडे नाही. माझ्या वडलांनी असा बैल सोडला नसता."

लोणीला आमचे वडील बैलबाजारात मला बरोबर घेऊन जायचे. बैलाचं तोंड, शिंगं, वशिंड, सगळं ते बघायचे, पण सौद्याच्या आधी त्याला ओल्या मातीवरून चालवून घ्यायचे. मागचा खूर पुढच्याच्या ठशात पडला म्हणजे चाल सरळ, जनावर कामाचं. ते इतक्या वेळा पाहिलेलं होतं की डोळे आपोआप पायाकडे गेले.

हे एकदम ताठ झाले. "ठशात पडतो? पुढे नाही?"

"नाही हो, ठशातच. आणि तो पिवळी टोपीवाला, त्याची चाल बिघडलीय बघा. मागचा पाय पार पुढच्या ठशाच्या पलीकडे टाकतोय. असा बैल असता तर बाजारातून मागे फिरवला असता."

"किती पलीकडे?"

"वीतभर असेल. जास्तच. थांबा, परत येतोय... हो, वीतभर आणि वर चार बोटं."

यांनी माझं मनगट धरलं. घट्ट. "अगं, याला नांगर ओढायचा नाहीये. घोडा मागून जोर लावतो. मागचा पाय जेवढा पोटाखाली पुढे येईल तेवढी मोठी झेप. हा मोकळा चालतोय आज. आणि तुझा तो सोन्यासारखा बैल आखडलाय."

"म्हणजे मी उलटं सांगितलं?"

"तू बरोब्बर सांगितलंस. मत उलटं दिलंस."

मग मला पुन्हा दोन फेऱ्या बघायला लावल्या. कान कुठे आहेत, शेपूट फिरवतोय का, काखेत फेस आलाय का. आता काय बघायचं ते कळल्यावर मला भराभर सांगता येऊ लागलं. यांचा चेहरा कसा झाला होता ते मी सांगत बसत नाही, शनिवारी पुस्तक घेऊन बसल्यावर व्हायचा तसा.

बाकावर आल्या आल्या यांनी न विचारताच सांगितलं, "पिवळी टोपी."

बँकवाले चमकले. "लाडक्याला सोडून? मास्तर, वहिनी म्हणाल्या म्हणून?"

"तिने घोडा निवडला नाही. तिने पाय पाहिला. निवडला मी."

"मग चूक झाली तर कुणाच्या नावावर?"

"माझ्या. नेहमी असते तशी."

शर्यत सुटली. कर्ण्यावरून इंग्रजीत भडाभडा सांगत होते ते यांना कळत होतं, मला रंग दिसत होते. मी पिवळ्याला नजरेत धरून ठेवलं. आधी तो कुठेच नव्हता. वळणावर मधून वाट काढताना दिसला आणि मी उभी राहिले. मी! "आला हो, मधून आला, अहो, तांबडा मागे पडला!" टेलरभाई बाकावर चढले. पिवळी टोपी धावत आली, आली, आणि एका घोड्यापेक्षा जेमतेम मानभर मागे राहिली. जो जिंकला त्याचं नाव आमच्यापैकी कुणीही घेतलं नव्हतं. यांनी तर शनिवारीच त्याला बाजूला काढला होता, दम भरलेला नाही म्हणून.

"दुसराच की," बँकवाले म्हणाले.

"आणि तुमचा लाडका?" टेलरभाईंनी कपाळावर हात धरून वळणाकडे पाहिलं. "तो अजून येतोय वाटतं!"

बँकवाल्यांनी मान फिरवली, मग माझ्याकडे बघून अगदी कोरडेपणाने म्हणाले, "वहिनी, आपले वडील घोड्यांत पडले नाहीत, हे बरं झालं. नाहीतर आमचं काही खरं नव्हतं." पेठेतल्या माणसाकडून एवढं मिळालं म्हणजे सत्कारच समजायचा.

घरी जायचं कुणी काढलं नाही. उरलेल्या सगळ्या शर्यतींना आम्ही कठड्यापाशी गेलो. एक घोडा बरोबर आला, बाकीचे चुकले. त्यांतला एक तर इतका चुकला की टेलरभाई म्हणाले, "मास्तर, हा दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीसाठी पळत असेल." हे मनापासून हसले. चुकलं तर वाईट वाटून घ्यायचं असतं, हे यांना कधी माहीतच नव्हतं. पाहून चुकणं आणि न पाहताच गप्प बसणं यांत फरक आहे, तो यांना पुरेसा होता.

रिक्षात बसलो तर माझे पाय बोलत होते. मी डोळे मिटून घेतले. शेजारून सुरूच.

"पाचव्या शर्यतीत शेवटी आला तो, पांढऱ्या पायांचा म्हणालीस ना, तो कसा चालत होता?"

"त्याच्याकडे कुठे बघितलं मी? शेवटच तर आला तो."

"शेवटी येणाराच बघायचा असतो. महिन्याभराने तोच पुढे येतो आणि सगळे म्हणतात, हा कुठून उगवला? पुढच्या वेळी सगळे पाहा. एकूण एक."

"बरं," मी म्हटलं, आणि रिक्षावाल्याला सांगितलं, आधी कोपऱ्यावर थांबा, पुस्तक पुढच्या रविवारचं कधी येतं ते विचारायचंय.